उतारवयातील वाचन आणि रोजची उमेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी उलटलेल्या वाचकांशी वाचनाविषयी बोलू लागले की तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुढे येतात. त्यांतील काही डोळ्यांचे असतात, काही स्मरणशक्तीचे असतात, आणि पुष्कळसे वरवर पुस्तकांविषयीचे वाटले तरी मुळात एकटेपणाचे किंवा भीतीचे असतात. पुढील उत्तरांमागे एक भूमिका आहे व ती आधीच सांगितलेली बरी. वाचनातून मिळणारी उमेद आपण किती वाचले यावर अवलंबून नसते. वाचलेल्यातले थोडेसे दिवसभर आपल्या सोबतीला राहते की नाही, यावर ती अवलंबून असते.

‘वाचनातून प्रेरणा मिळते’ असे म्हणतात, तेव्हा नेमके काय घडत असते?

प्रेरणा हा शब्द थोडा फसवा आहे. तरुणपणी त्याचा अर्थ काहीतरी मोठे करून दाखवण्याची ऊर्मी असा असतो. उतारवयात बहुतेकांना हवे असते ते निराळेच: सकाळी उठून दिवसाला सामोरे जाण्याइतका धीर, लांबलेल्या दुपारीही एखाद्या गोष्टीविषयी वाटणारे कुतूहल, आणि आपल्यावर जे गुदरले आहे ते पूर्वीही कोणावर तरी गुदरले होते आणि त्या व्यक्तीने ते शब्दांत मांडून ठेवले आहे, हा दिलासा.

यांपैकी कुतूहलाला आपण फार कमी लेखतो. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून दक्षिण ध्रुवाजवळ आणि तेथून पुन्हा मागे असा प्रवास दरवर्षी करणाऱ्या कुररी पक्ष्याविषयी सकाळी दोन पाने वाचलेली व्यक्ती संध्याकाळी खिडकीबाहेरचे पक्षी वेगळ्या नजरेने पाहते. त्या दोन पानांत उपदेशाचा एकही शब्द नसतो, तरीही दिवसाला एक कारण मिळते. दुसऱ्या दिवशी पुढचे पान वाचायचे आहे हेही उद्याची वाट पाहण्याचे छोटे पण खरे कारण असते.

तरुणपणी वाचलेले आणि आता वाचलेले, यांच्या परिणामात खरोखर फरक असतो का?

असतो, आणि तो सगळा तोट्याचा नसतो. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग कल्पिले होते. नवे कोडे वेगाने सोडवणारी प्रवाही बुद्धी वयानुसार मंदावत जाते. शब्दसंपदा, अनुभव आणि ज्ञान यांची संचित बुद्धी मात्र पुष्कळ काळ टिकते, किंबहुना साठीपर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही वाढत राहते. वाचनाला या दुसऱ्या बुद्धीचाच आधार अधिक लागतो. वाचनाचा वेग कमी झाला म्हणून वाचक म्हणून आपण उणे झालो असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा फरक मनाच्या कलाचा आहे. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ महिलेने असे मांडले आहे की, पुढचा काळ मर्यादित आहे हे जाणवू लागले की माणसे माहिती गोळा करण्यापेक्षा भावनिकदृष्ट्या अर्थपूर्ण गोष्टींना अग्रक्रम देऊ लागतात आणि त्यांचे लक्ष सुखद गोष्टींकडे तुलनेने अधिक वळते. अनेकांना पूर्वी आवडणाऱ्या घडामोडींच्या पुस्तकांचा कंटाळा येऊन पत्रे, आठवणी आणि कविता जवळच्या वाटू लागतात, त्यामागे हे असू शकते. ती आवड खालावल्याची खूण नाही.

तिसरी गोष्ट मागे वळून पाहण्याची. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की, वृद्धांनी गतायुष्याचा पुन्हा पुन्हा विचार करणे हा चळ नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची ती एक स्वाभाविक प्रक्रिया आहे. दुसऱ्याचे आयुष्य वाचताना स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग आठवतो, पुस्तक मांडीवर तसेच राहते आणि मन चाळीस वर्षे मागे जाते. अशा वेळी ‘लक्ष विचलित झाले’ म्हणून स्वतःला दोष देऊ नये. कदाचित ते पान त्याचसाठी वाचले गेले होते.

दररोज किती वाचावे?

आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी. पंधरा-वीस मिनिटे किंवा चार-पाच पाने पुरेशी आहेत. त्यापुढे वाचावेसे वाटले तर अवश्य वाचावे, पण ती अट असू नये. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी साठी ओलांडल्यावर एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत हाच विषय आला आहे. अनेक ग्रंथांतून भरकटण्यापेक्षा मोजक्या लेखकांच्या सहवासात राहावे आणि रोजच्या वाचनातून त्या दिवशी पचवण्यासाठी एकच विचार निवडावा, असे ते सांगतात, आणि आपण स्वतः तसेच करतो असेही नमूद करतात. हा सल्ला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. उतारवयातील वाचनाविषयी यापेक्षा उपयुक्त काही फारसे कोणी सांगितलेले नाही, असे माझे मत आहे.

वर्षाला अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्प मात्र टाळावा. असा संकल्प केला की पातळ पुस्तके निवडली जातात, जाड पुस्तकांची भीती वाटते, आणि आजारपणात दोन आठवडे वाचन बंद पडले तर आपण मागे पडलो ही खंत विनाकारण सुरू होते.

दिवसाची कोणती वेळ चांगली?

वयानुसार शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते. संध्याकाळी लवकर झोप येते आणि पहाटे लवकर जाग येते. ही पहाटेची जाग अनेकांना छळते, कारण त्या वेळी घर निजलेले असते आणि मन हटकून काळजीच्या विषयांकडे धावते. त्या वेळेसाठी एक ठरलेले पुस्तक उशाशी ठेवावे. ते असे असावे की कोठूनही उघडले तरी चालेल, आणि त्यात वाद, खून किंवा राजकारण नसावे. मात्र रोज मध्यरात्रीच जाग येत असेल आणि दिवसा थकवा वाटत असेल, तर पुस्तकापेक्षा डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

सकाळची वेळ साधत असेल तर एक साधा नियम पाळून पाहावा: बातम्या आणि मोबाईलवरील संदेश पाहण्यापूर्वी वाचावे. क्रम उलटा झाला की पुस्तकाच्या वाट्याला थकलेले मन येते. रात्री वाचणाऱ्यांनी झगझगीत पडद्याऐवजी कागद आणि पानावर पडणारा मंद दिवा पसंत करावा.

प्रेरणादायी म्हणून विकली जाणारी पुस्तकेच वाचावीत का?

ती वाचण्यास हरकत नाही, परंतु त्यांच्यावर विसंबून राहू नये. यशाचा मार्ग सांगणारी बहुतेक पुस्तके अशा वाचकाला उद्देशून लिहिलेली असतात ज्याची नोकरी, व्यवसाय आणि धावपळ अजून पुढे आहे. पंचाहत्तरीतल्या वाचकाने ध्येये ठरवण्याच्या पायऱ्या वाचल्या की त्याच्या हाती बहुधा चुकल्याची भावना येते. ‘हे मला तिशीत कोणी सांगितले असते तर’ हा विचार उमेद देत नाही.

चरित्रे उत्तम असतात, पण ती वाचण्याची आपली रीत बदलावी लागते. आपण बालपणापासून सुरुवात करतो आणि कर्तृत्वाचा काळ संपला की पुस्तक मिटतो. उतारवयातील वाचकाने शेवटची शंभर पाने आधी वाचावीत असे मी सुचवीन. कीर्ती ओसरल्यावर त्या व्यक्तीचा दिवस कसा जात होता, दृष्टी गेल्यावर किंवा हात थरथरू लागल्यावर तिने काय सोडून दिले आणि काय सोडले नाही, मतभेद झालेल्या मित्राशी तिने समेट केला का, या गोष्टी त्या पानांत असतात आणि सध्या आपल्या कामाच्या त्याच आहेत. चरित्रकार तो भाग अनेकदा घाईने उरकतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

पत्रे आणि रोजनिशी हे दोन प्रकार रोजच्या वाचनासाठी जणू मापाने बेतलेले असतात. त्यांचे तुकडे लहान असतात, तारीख घातलेली असते, आणि लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. वाचकालाही ते ठाऊक नसते, त्यामुळे दोघे एका पातळीवर येतात. कविता पुन्हा पुन्हा वाचता येते आणि पाठ करता येते. निसर्ग, आकाश, भाषा, इतिहास यांवरील माहितीपर लेखन कुतूहल जागे ठेवते. धार्मिक किंवा तात्त्विक ग्रंथ ज्यांना जवळचे वाटतात त्यांनी ते अवश्य वाचावेत. ज्यांना वाटत नाहीत त्यांनी वय झाले म्हणून ते ओढूनताणून हाती घेऊ नयेत.

कादंबरीतील दुःखाला घाबरण्याचे कारण नाही. दुःखाची कथा वाचून मन खचतेच असे नाही. उलट गोड शेवट ओढून आणलेली कथाच अनेकदा रिकामे करून सोडते. आपल्याला कोणते दुःख आज पेलवेल, एवढे मात्र आपले आपणच ओळखावे.

मोबाईलवर रोज येणारे सुविचार वाचले तर चालणार नाही का?

चालेल, पण त्यांना वाचन म्हणू नये. सुविचार एका क्षणात संपतो, पुढच्याला पाठवला जातो आणि विसरला जातो. शिवाय थोरांच्या नावावर खपवलेली असंख्य वाक्ये त्यांनी कधी उच्चारलेली नसतात. एखादे वाक्य खरोखर भिडले तर ते कागदावर उतरवून दिवसभर जवळ ठेवावे. एवढे कष्ट घ्यावेसे न वाटणारे वाक्य फारसे भिडलेले नसते.

पूर्वी तासन्‌तास वाचत असे, आता दोन पानांत लक्ष उडते. काय करावे?

आधी शरीराकडे पाहावे. चष्म्याचा नंबर बदललेला असणे, मोतीबिंदूची सुरुवात, अपुरी झोप, दुखणारी मान ही सर्वांत साधी कारणे आहेत आणि ती सर्वांत शेवटी तपासली जातात. ॲलर्जी, झोप किंवा लघवीच्या तक्रारींवरील काही औषधांनी नजर धूसर होते आणि एकाग्रता मंदावते. अशी शंका आल्यास औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

त्यानंतर सवयीकडे. मोबाईलवर दर काही क्षणांनी विषय बदलण्याची सवय कोणत्याही वयात लागते, आणि तिने पुस्तकावरचे लक्ष कमकुवत होते. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हा उपाय बालिश वाटतो, पण लागू पडतो. ओळ चुकत असेल तर चालू ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरावी.

मोठ्याने वाचणे हा माझ्या पसंतीचा उपाय आहे. मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः उच्चारलेले शब्द अधिक लक्षात राहतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोठ्याने वाचताना डोळे पुढे पळत नाहीत, वाक्याचा सूर पकडावा लागतो, आणि एकटी राहणारी व्यक्ती असेल तर दिवसभरात निदान काही मिनिटे तिचा आवाज घरात उमटतो. एकटे राहणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

वाचलेले आठवतच नाही. मग वाचून उपयोग काय?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा भीती असते. म्हणून प्रथम हे लक्षात घ्यावे की विसरणे हा म्हातारपणाचा विकार नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो, असे त्यांना आढळले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ते ३५ वर्षांचे होते.

अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो, आणि तो टिकवण्याचा मार्ग पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्यातून जातो. पुस्तक मिटल्यावर आत्ता वाचलेले दोन वाक्यांत स्वतःला किंवा दुसऱ्याला सांगावे. दुसऱ्या दिवशी नवे पान उघडण्यापूर्वी कालचे आठवून पाहावे, आणि मगच हवे तर मागे चाळावे. नावे विसरत असतील तर पात्रांची यादी वाचनखुणेच्या कागदावरच लिहून ठेवावी. जाड कादंबऱ्या वाचणारे तरुणही हेच करतात.

आपणहून आठवणे वयानुसार अवघड होत जाते, मात्र समोर आलेले ओळखणे तुलनेने शाबूत राहते. म्हणून पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचताना एक वेगळेच सुख असते. कथानकाची घाई नसते, ओळखीची वाक्ये वाटेत भेटतात, आणि तिशीत ज्या पात्राचा राग आला होता त्याची बाजू सत्तरीत कळते. पुस्तकात काहीच बदललेले नसते.

काळजी कशाची करावी, तेही सांगायला हवे. पुस्तकातील नाव न आठवणे ही एक गोष्ट; नेहमीच्या शब्दांचा अर्थ न लागणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, रोजचे व्यवहार जमेनासे होणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारची लक्षणे दिसल्यास तपासणी लांबवू नये. वाचता येणे अचानक बंद झाले, अक्षरे दिसतात पण अर्थ लागत नाही असे एकाएकी घडले, तर तो पक्षाघाताचा प्रकार असू शकतो आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

डोळे थकतात. वाचन कमी करावे का?

वाचल्याने डोळे झिजत नाहीत. ते थकतात, कोरडे पडतात, आणि त्यावर उपाय असतात. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे अंधुक दिसू लागते, म्हणूनच वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव पडले. त्यापुढे बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे ‘दिवा तर लावला आहे’ हे घरातल्या तरुणांचे म्हणणे खरे असले तरी वृद्ध वाचकाला तो दिवा पुरत नाही. छतावरच्या दिव्याशिवाय पानावर थेट प्रकाश पाडणारा, मान वळवता येणारा दिवा बाजूला असावा, आणि त्याची बत्ती डोळ्यांना दिसू नये.

दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या चष्म्यात वाचनाचा भाग खाली असतो, त्यामुळे दीर्घ वाचनात हनुवटी वर उचलावी लागून मान धरते. रोज अर्ध्या तासाहून अधिक वाचणाऱ्यांनी केवळ वाचनासाठी वेगळा चष्मा करून घेण्याविषयी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. पुस्तक डोळ्यांपासून साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरावर, किंचित तिरपे, स्टँडवर किंवा उशीवर टेकवलेले असावे. जाड पुस्तक हातांत तोलून धरण्यात शौर्य नाही. पडद्यावर वाचताना पापण्या कमी वेळा लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून अधूनमधून नजर उचलून दूर पाहावे.

अक्षरांचा आकार हा मानापमानाचा विषय करू नये. नेहमीची पुस्तके साधारण १० ते १२ पॉइंटांत छापलेली असतात. मोठ्या अक्षरांच्या आवृत्त्या १६ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या असतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार ओळीच्या वर आणि उकार खाली येत असल्यामुळे नुसता आकार वाढवून भागत नाही, दोन ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. ई-रीडरवर दोन्ही बदलता येतात. इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून तो मोबाईलच्या पडद्यापेक्षा अनेकांना सुसह्य वाटतो.

सरळ ओळी वाकड्या दिसणे, वाचताना मधोमध डाग किंवा पोकळी जाणवणे, एका डोळ्याची नजर अचानक कमी होणे, ही थकव्याची लक्षणे नाहीत. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे.

ऐकलेल्या पुस्तकाला वाचन म्हणता येईल का?

खुशाल म्हणावे. माणसाने डोळ्यांनी वाचण्यापूर्वी कितीतरी शतके साहित्य कानांनीच ग्रहण केले. ऐकण्यात दोन अडचणी मात्र आहेत. मन भरकटले तरी आवाज पुढे जात राहतो, आणि मागे येणे पान उलटण्याइतके सोपे नसते. म्हणून वेग थोडा कमी ठेवावा, एका बैठकीत एकच प्रकरण ऐकावे, आणि कंटाळवाणा वाचक भेटला तर दुसरे पुस्तक निवडावे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राला जोडता येणारे साधन आहे का, हे विचारून घ्यावे.

दृष्टी फारच अधू झाली असेल तर ब्रेल हा मार्ग आहे, परंतु बोटांची संवेदना वयानुसार कमी होत असल्याने उतारवयात तो नव्याने शिकणे अनेकांना जड जाते, आणि बहुतेक जण श्राव्य पुस्तकांकडे वळतात. दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करणे आणि त्या देशोदेशी पाठवणे सोपे व्हावे म्हणून २०१३ मध्ये माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१६ पासून अमलात आला. आपल्या ग्रंथालयात अशा प्रतींची सोय आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

वाचनाने आयुष्य वाढते, हे खरे आहे का?

या विधानामागे एक अभ्यास आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० वर्षांपुढील ३,६३५ व्यक्तींची माहिती तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ वर्षांच्या काळात पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळला, आणि वाचकांना सरासरी २३ महिने अधिक आयुष्य लाभल्याचे दिसले. शिक्षण, संपत्ती, आरोग्य यांचा प्रभाव वेगळा काढण्याचा प्रयत्न त्यात केलेला होता. तरीही हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. ज्यांची प्रकृती आणि परिस्थिती चांगली तेच अधिक वाचतात, ही शक्यता त्याने पूर्णपणे पुसली जात नाही.

शिवाय २३ महिने जादा मिळावेत म्हणून कोणी नावडते पुस्तक वाचत बसणार असेल, तर तो सौदा काही फायद्याचा म्हणता येणार नाही.

जोडीदार गेल्यापासून पुस्तक हाती धरवत नाही. कसे सुरू करावे?

सुरू करण्याची घाई करू नये. शोकात शब्द डोळ्यांसमोरून नुसते वाहून जातात, आणि हा अनुभव आयुष्यभर वाचत आलेल्या माणसांनाही येतो. काही महिने असे जाऊ शकतात. या काळात हितचिंतक दुःखातून सावरण्याविषयीची पुस्तके आणून देतात; ती कपाटात राहू द्यावीत. वेळ आली की त्यांतले एखादे उपयोगी पडेल.

बहुतेकांना परतीची वाट अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते: बागकामाच्या माहितीत, नकाशांच्या पुस्तकात, लहानपणी वाचलेल्या साहसकथेत. मन गुंतवण्याची सक्ती नसलेला मजकूर प्रथम पचतो. दोघांनी मिळून वाचलेले पुस्तक उघडावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; समासात दिवंगत व्यक्तीचे हस्ताक्षर भेटणे कोणाला आधार देते, तर कोणाला असह्य होते.

मग वाचन हे उदासीनतेवर औषध म्हणावे का?

‘ग्रंथोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ मध्ये एका निबंधात वापरला, तोही थोड्या विनोदी अंगाने. पुढे त्या कल्पनेचा गंभीरपणे अभ्यास झाला आणि सौम्य नैराश्यात मार्गदर्शनासह केलेल्या विशिष्ट वाचनाचा उपयोग होतो असे आढळले. परंतु उपयोग होणे आणि उपचाराची जागा घेणे यांत अंतर आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक सगळ्याच गोष्टींतील रस गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणे निरर्थक वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे आणि घरच्यांशी बोलावे. उतारवयात असे व्हायचेच, हा समज चुकीचा आणि घातक आहे.

टिपणवही ठेवावी का?

ठेवावी, पण तिचे ओझे होऊ देऊ नये. तारीख, पुस्तकाचे नाव, एक वाक्य आणि त्या वाक्याने कशाची आठवण झाली, एवढे पुरे. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण काही महिन्यांनी वही उघडल्यावर लेखकाच्या वाक्याबरोबर आपले त्या दिवशीचे मनही तेथे सापडते. हात थरथरत असेल तर तेच फोनवर बोलून नोंदवता येते.

एकट्याने वाचावे की इतरांबरोबर?

वाचावे एकट्याने, बोलावे इतरांबरोबर. आठवड्यातून एकदा दोघातिघांनी भेटून किंवा फोनवर आपापले एक पान दुसऱ्याला वाचून दाखवणे, एवढ्यानेही वाचनाला वळण लागते. मोठ्या वाचनगटात एकच पुस्तक सर्वांनी महिनाभरात संपवण्याचा नियम असतो, आणि सावकाश वाचणाऱ्या वृद्धांना तो जाचतो. ज्याने अर्धेच वाचले असेल त्यालाही मोकळेपणाने बोलता येईल असा गट शोधावा.

नातवंडांना वाचून दाखवण्याची संधी मिळाली तर सोडू नये. मात्र त्यांच्यावर संस्कार करण्याच्या हेतूने वाचू नये. मुलांना तो हेतू पहिल्या पानावरच ओळखू येतो.

आयुष्यभर वाचनाची सवयच नव्हती. आता लागेल का?

लागेल, परंतु थोरामोठ्या ग्रंथापासून सुरुवात करू नये. आपण ज्या कामात आयुष्य घालवले त्या कामाविषयीचे पुस्तक निवडावे. सुताराने लाकडाविषयी, परिचारिकेने रुग्णालयाविषयी, शेतकऱ्याने मातीविषयी वाचावे. तेथे वाचक लेखकापेक्षा काही बाबतींत अधिक जाणकार असतो, त्याच्या चुका काढू शकतो, आणि लेखकाशी मनातल्या मनात वाद घालता आला की सवय लागायला वेळ लागत नाही.

न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडले तर चालते का?

चालते. पन्नास पाने पुरेशी संधी आहे, आणि ऐंशी वर्षांच्या वाचकाने वीसच दिली तरी लेखकाने तक्रार करू नये.

या वयात एखादा मोठा, अनेक खंडांचा ग्रंथ सुरू करावा का? तो पुरा झाला नाही तर?

हा प्रश्न बहुधा हसत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने त्यावर पुष्कळ विचार केलेला असतो. माझे उत्तर होकारार्थी आहे. रोज पाच पाने वाचली तर वर्षाला सुमारे अठराशे पाने होतात, म्हणजे बहुतेक बहुखंडी ग्रंथ एक-दोन वर्षांत वाचून होतात. आजारपण आणि पाहुणे धरून तीन वर्षे म्हणावीत.

आणि पुरा झाला नाही, तर चौथ्या खंडात कोठेतरी एक वाचनखूण राहील. पहिल्या खंडाच्या कोऱ्या पानावर सुरुवातीची तारीख पेन्सिलीने घालावी आणि प्रत्येक प्रकरण संपल्यावर समासात त्या दिवसाची तारीख लिहीत जावी. पुढे ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल, त्याला आपण कोणत्या दिवशी कोठवर पोहोचलो होतो ते कळेल, आणि त्याला वाटले तर तो तेथून पुढे वाचू लागेल.